ताण तुमचा, वेळापत्रक कोणाचं?

हा वाद दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा पेटतो. कोणीतरी सांगतं की मी नोकरी सोडली, झोप लागत नव्हती, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागायचं, शेवटी डॉक्टरच म्हणाले थांबा. की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही ह्याच्या दुप्पट काम केलं, पोरं नाजूक झालीत. दुसरी म्हणते, असं बोलू नका हो, मेंटल हेल्थ महत्त्वाची, बाबा रे थेरपी घे, मेडिटेशन कर, टॉक्सिक लोकांना आयुष्यातून काढून टाक. दोन दिवस दणकून भांडण होतं आणि मग सगळे आपापल्या कामाला, म्हणजे त्याच कामाला. मला खरं नवल वाटतं ते ह्या दोन पार्ट्यांचं आतून किती पटतं ह्याचं. जे काही दुरुस्त व्हायचंय ते त्या माणसाच्या आत आहे हे दोघांनाही मान्य आहे, एकाला तो माणूस कडक करायचाय, दुसऱ्याला समजूतदार. त्याच्या अंगावर काम किती टाकलंय, ते कोणी ठरवलं, उद्या किती असेल हे त्याला आज कळतं का, हे विचारायच्या भानगडीत कोणीच पडत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आज ज्याला आपण मानसिक ताण म्हणून ज्याच्या त्याच्या खासगी खात्यावर टाकतोय, त्यातला मोठा हिस्सा तीन गोष्टींतून येतो, कामाचे तास, उत्पन्नाची खात्री आणि स्वतःच्या दिवसावर स्वतःचा ताबा. ह्या तिन्ही गोष्टी नियम, करार आणि पैसा ठरवतात, त्यामुळे हा सार्वजनिक प्रश्न आहे, पिण्याच्या पाण्याचा असतो तितकाच. मोठा हिस्सा म्हणतोय हं, सगळा नाही म्हणत, आणि उरलेल्या हिश्शाकडे येणारच आहे कारण तिथे समोरच्यांचे मुद्दे खरोखर वजनदार आहेत.

आधी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे घेऊ, कारण ते सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात लवकर निकालात निघतं. १८६९ साली जॉर्ज बियर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 'न्यूरस्थेनिया' नावाचा आजार मांडला. लक्षणं काय, तर थकवा, झोप न येणं, डोकं दुखणं, जीव घाबरा होणं. पुढे त्याने कारणं सांगितली त्यात वाफेची इंजिनं, तारायंत्र आणि वर्तमानपत्रं होती, म्हणजे त्या काळातले नोटिफिकेशन्सच. त्या खणखणीत म्हणवल्या जाणाऱ्या पिढ्यांमध्येही हे सगळं होतंच की. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले कित्येक सैनिक थरथरत होते, काहींची वाचा गेली होती, अंगावर जखम मात्र दिसत नव्हती. पळून गेला, भेकडपणा केला असल्या आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या त्यांच्यापैकी ३०६ जणांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली, म्हणजे जवळजवळ ९० वर्षांनी. त्रास तेव्हाही होता, फक्त कागदावर त्याची नोंद गुन्हा म्हणून व्हायची. आणि "आम्ही नाही का टिकलो" असं म्हणणारा माणूस टिकलेलाच असतो ना, जे नाही टिकले ते हे वाक्य म्हणायला कुठून येणार? तरीही ह्या पार्टीचा एक मुद्दा मला मान्य आहे. हल्ली साध्या कंटाळ्यालाही डिप्रेशन म्हणायची आणि कामात चूक दाखवणाऱ्या प्रत्येक साहेबाला टॉक्सिक ठरवायची सवय लागलीये, आणि त्याने नुकसान कोणाचं होतं तर ज्याला खरंच उठून दात घासायलाही बळ उरलेलं नसतं त्याचं. शब्द स्वस्त झाले की त्याच्याकडे कोण लक्ष देणार.

आता ह्याहून अवघड मुद्दा. एकाच टीममध्ये, एकाच साहेबाखाली, तेवढ्याच पगारावर दोन माणसं काम करतात, एक कोसळतो आणि दुसरा मजेत असतो. मग फरक माणसातच झाला की नाही? झाला. स्वभाव, बालपण, घरची साथ, शरीर, सगळ्याने फरक पडतो. पण हे उत्तर एका प्रश्नाचं आहे आणि आपण ते दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतो. जेफ्री रोझ ह्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ साली हे फार नीट सोडवून दाखवलंय. ह्याच माणसाला आजार का झाला हा एक प्रश्न, आणि ह्या अख्ख्या समूहात इतक्या जणांना का होतो हा वेगळा प्रश्न, दोन्हीची कारणं वेगळी निघू शकतात. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा त्या पंपाचं पाणी पिणारा प्रत्येक जण काही मेला नाही. जवळच्या दारूच्या भट्टीतले कामगार तर जवळपास सगळे वाचले, कारण त्यांना प्यायला बिअर मिळायची. आता ह्यावरून "काहींची प्रतिकारशक्तीच कमी" असा निष्कर्ष काढून तिथला डॉक्टर जॉन स्नो गप्प बसला असता तर? त्याने मेलेल्यांची घरं कुठे आहेत ते शोधलं, पंपाचा दांडा काढायला लावला आणि पुढे ती घरं नकाशावर टिपून दाखवली. एमिल दुर्खाइम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ह्याच धर्तीवर दाखवलं की आत्महत्येइतकी खासगी वाटणारी गोष्टसुद्धा समाजासमाजात वेगळ्या पण वर्षानुवर्षं बऱ्यापैकी स्थिर प्रमाणात घडते. माणसं बदलतात, प्रमाण तेच राहतं, मग ते प्रमाण कुठून येतं? एकेका माणसाच्या मनोबलातून तर नक्कीच नाही.

"पण आजार हा आजार असतो, त्याला समाजशास्त्र नको, औषध पाहिजे." एकदम कबूल. बायपोलर असेल, स्किझोफ्रेनिया असेल, गंभीर डिप्रेशन असेल, तर तिथे डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, प्रशिक्षित थेरपिस्ट लागतो आणि त्याने माणसं वाचतात. ज्याला आज रात्र काढणं कठीण झालंय त्याला "व्यवस्था बदलली पाहिजे" असं ऐकवणं हा निर्दयपणा आहे. सगळ्या दुखण्यांचं खापर भांडवलशाहीवर फोडून स्वतः काहीच न करणारी एक तिसरी पार्टीपण असते, तिच्याशी मला काही देणंघेणं नाही. पण आपण ज्या गोष्टी उपचार म्हणून वाटतोय त्या खरंच उपचार आहेत का, हे तर बघाल? एक दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. महिनाअखेर, डेडलाइन डोक्यावर, आणि एचआरकडून मेल येतो की आज दुपारी १ ते २ तणावमुक्तीवर वेबिनार, हजेरी आवश्यक, कॅमेरा चालू ठेवा. लोक म्यूटवर जेवतायत, एका खिडकीत दीर्घ श्वास घ्यायला सांगणाऱ्या मॅडम, दुसऱ्या खिडकीत अर्धवट राहिलेली एक्सेल शीट, आणि शेवटी फीडबॅक फॉर्म, त्यात "तुम्हाला आता किती हलकं वाटतंय" ह्याला १ ते ५ पैकी गुण द्या. जेवणाची सुट्टी गेली ती गेलीच वर संध्याकाळी एक तास जास्त बसावं लागलं. ह्याला तणावमुक्ती म्हणायचं?

आणि हे फक्त माझं कुरकुरणं नाहीये. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग ह्या संशोधकाने २०२४ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासून एक निबंध छापला. माइंडफुलनेस, रेझिलियन्स ट्रेनिंग म्हणजे मन चिवट करायचे वर्ग, वेलबीइंग अॅप, असल्या कार्यक्रमांत भाग घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा काही बरी दिसली नाही, अपवाद थोडाफार स्वयंसेवी कामाचा. त्याआधी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळजवळ ५ हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडून प्रयोग केला होता, त्यात वेलनेस प्रोग्रॅमने आरोग्याचा खर्च, सवयी किंवा कामगिरी ह्यात ठळक असा काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे जे लोक आपणहून अशा प्रोग्रॅममध्ये येतात ते मुळातच जास्त धडधाकट असतात, म्हणून कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमधले आकडे इतके गोड दिसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दवाखान्यातली थेरपी वेगळी आणि कामाचा बोजा तसाच ठेवून वरून वाटलेलं अॅप वेगळं, ही सरमिसळ जाणूनबुजून केली जाते असं माझं मत झालंय, कारण अॅपचं सबस्क्रिप्शन हे आणखी दोन माणसं कामावर घेण्यापेक्षा कधीही स्वस्त पडतं.

दोष माणसाच्या आत शोधण्याची ही खोड जुनीच आहे. १८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने शोध लावला की गुलाम मालकाकडून पळून जातात ते एका मानसिक आजारामुळे. त्याने त्या आजाराला ग्रीक धाटणीचं भारदस्त नाव दिलं आणि उपायांमध्ये चाबूकही सांगितला. आजच्या ऑफिसची तुलना गुलामगिरीशी करत नाहीये, उगाच कोणी अंगावर येऊ नका. दाखवायचं एवढंच आहे की परिस्थितीकडे बघायचंच नाही असं एकदा ठरलं की शिकलासवरलेला माणूसही कुठल्या थराला जाऊ शकतो.

बरं, परिस्थिती बदलली की मन बदलतं ह्याला पुरावा काय? एक फार सुंदर नैसर्गिक प्रयोग आहे, म्हणजे कोणी मुद्दाम न करता आपोआप घडून आलेला. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या भागात १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता, त्यात चेरोकी आदिवासी मुलंही होती. मध्येच १९९६ च्या सुमारास त्यांच्या राखीव क्षेत्रात कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळायला लागला, कोणी चांगला वागला म्हणून नाही, काही अट नाही, सरसकट. २००३ मध्ये जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले, ज्या घरांची गरिबी ह्या पैशाने हटली त्या मुलांमधला आक्रमकपणा, हट्टीपणा, नियम मोडणं ही लक्षणं कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आली. कोणी त्यांचं समुपदेशन केलं नव्हतं. कारणांमध्ये एक ठळक दिसलं ते हे, की आईबापांच्या वेळेवरचा ताण कमी झाला आणि त्यांना मुलांकडे बघायला सवड मिळाली. पण त्याच अभ्यासात अँक्झायटी आणि डिप्रेशनच्या लक्षणांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही, आणि हा भाग लपवून तो अभ्यास सांगणारे लोक मला आवडत नाहीत. पैशाने सगळं बरं होत नाही, सुरुवातीला मी उरलेला हिस्सा म्हटलं तो हाच. पण जे बरं झालं तेही कमी आहे का?

पैशाइतकाच ताबाही महत्त्वाचा. लोकांची समजूत अशी की टेन्शन साहेब लोकांना, हार्ट अटॅक त्यांनाच यायचा, शिपायाला कसलं आलंय टेन्शन. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ ला सुरू झाला, पुढे मायकेल मार्मट ह्या साथरोगतज्ज्ञाने आणि मंडळींनी त्यातले आकडे तपासले, तर उलटंच निघालं. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीच्या साधारण तिप्पट होतं. ह्यातलं कोणी भुकेकंगाल नव्हतं, सगळ्यांना पक्की नोकरी होती, मोफत सरकारी आरोग्यसेवा होती, आणि सिगरेट, रक्तदाब वगैरेंचा हिशोब धरूनही निम्म्याहून जास्त फरक शिल्लकच राहत होता. १९८५ ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एक धागा हाती लागला, आपलं काम कसं आणि कधी करायचं ह्यात ज्यांना काहीच सांगता येत नाही त्यांच्यात हृदयविकार जास्त. हे वाचताना मला रात्री साडेदहाचा तो मेसेज आठवतो, "घाई नाही, सकाळी बघितलं तरी चालेल". पाठवणाऱ्याच्या डोक्यातून विषय गेला, तो निवांत झोपला. घेणारा आता अंथरुणात पडल्या पडल्या उत्तराचा ड्राफ्ट करतोय, पाहिल्याची निळी खूण गेली असेल का ह्याचा विचार करतोय, आणि उद्या त्याने सकाळी उत्तर दिलं तर "अरे वा, आज उशिरा उठलास वाटतं" हेही येऊ शकतं हे त्याला माहितीये. मेसेज वाचायला दहा सेकंद लागली, गेली ती रात्र. शिफ्ट ज्यांना आदल्या दिवशी अॅपवर कळते त्यांचं तर काय सांगावं, डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची म्हटली तरी आधी उद्याच्या दिवसाचा पत्ता लागला पाहिजे. आणि घरातल्या आजारी माणसाचं, लहान मुलाचं सगळं करणारी बाई ह्या हिशोबात धरतच नाहीत, तिचे तास मोजायलाच कोणी नाही.

ह्यावर एक आक्षेप असा की परिस्थितीला दोष द्यायला शिकवलं की माणूस पांगळा होतो, हातपाय हलवायचंच सोडतो, त्यापेक्षा "सगळं तुझ्या हातात आहे" हे सांगितलेलं बरं. ह्यात तथ्य आहे असं मलाही बरेच दिवस वाटायचं, पण ऑस्ट्रियातलं मारियनथाल हे गाव बघा. मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली, जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ह्या संशोधकांच्या गटाने १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन नोंदी केल्या, अगदी रस्त्यावरून लोक किती हळू चालतात, किती वेळा थांबतात इथपर्यंत. पुरुषांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्याने घसरलं. कित्येकांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. ह्या लोकांना कोणी "दोष परिस्थितीचा आहे" असलं शिकवायला गेलं नव्हतं, पांगळं केलं ते त्या परिस्थितीने. आणि "सगळं तुझ्या हातात आहे" हे ज्याच्या हातात काहीच नाही त्याला सांगितलं तर काय होतं? मूळ त्रास आहेच, वर अपराधीपणा फुकट.

मग शेवटी पैशाचा मुद्दा येतोच. नियम घातले, तास बांधले, रात्रीचे फोन बंद केले तर धंदे बसतील, नोकऱ्या जातील, नुकसान कामगाराचंच. हा युक्तिवाद ऐकला की मला नासाउ सीनियर आठवतो. १८३७ साली ह्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने हिशोब मांडून दाखवला होता की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात तयार होतो, तो तास काढला की नफा संपला. १८४७ ला बायका आणि किशोरवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या पुढेही वर्षानुवर्षं जोरात चालल्या. आपल्याकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी द्या म्हणून भांडत होते तेव्हा त्यांनाही मालकांनी काही हार घातले नव्हते, १८९० ला ती रविवारची सुट्टी मिळाली आणि आज "आमच्या वेळी" म्हणणारेसुद्धा ती हक्काने घेतात. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलावहिला करारच दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा होता. एवढं मात्र मान्य की सगळेच नियम चालत नाहीत. फ्रान्सने २०१७ पासून कामानंतर फोन-मेलपासून सुटका मिळण्याचा हक्क दिला पण त्यात ठरावीक तास काही घातले नाहीत, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याबद्दल वाटाघाटी करायला लावल्या, म्हणजे कागद तयार झाला की झालं असं बऱ्याच ठिकाणी होणारच. नियम पोकळ निघाला तर तो घट्ट करावा लागतो, तेवढ्यावरून नियमच नकोत असं कसं म्हणणार? काही न करण्याचीही किंमत आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार २०१६ ह्या एका वर्षात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे स्ट्रोक आणि हृदयविकाराने ७ लाख ४५ हजार माणसं मेली. हे मरण कुठल्या ताळेबंदात दाखवायचं?

ताळेबंदाचीच गोष्ट आहे ही. कारखान्यात हात कापला गेला तर एकोणिसाव्या शतकात पहिला प्रश्न असायचा, कामगाराचं लक्ष कुठे होतं. हलगर्जीपणा कोणाचा हे कोर्टात सिद्ध करत बसायचं आणि बहुतेक वेळा हरायचं. १८८४ ला जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विमा आणला, चूक कोणाची हे न बघता भरपाई, आणि वर्गणी मालकांनी भरायची. अपघाताचा खर्च मालकाच्या वहीत आल्यावर यंत्रांना जाळ्या आणि कठडे बसवण्यात मालकांच्या विमा मंडळांनाच रस वाटायला लागला. कामगाराची एकाग्रता वाढवायचे वर्ग घेऊन हे झालं नसतं. ताणाच्या बाबतीत आपण अजून १८८४ च्या आधीच्याच काळात आहोत, लक्ष कुठे होतं तुझं, मन खंबीर का नाही तुझं, ह्याच्या पुढे चर्चा सरकतच नाही. जपानने निदान सुरुवात केली. अतिकामाने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला २००१ च्या निकषांमध्ये आकडे घातले, आजाराआधीच्या एका महिन्यात १०० तास किंवा दोन ते सहा महिन्यांत महिन्याला सरासरी ८० तासांवर ओव्हरटाइम असेल तर कामाचा संबंध दाट धरायचा. ही रेघ फारच लांब आखलीये, माणूस तिच्या कितीतरी अलीकडे कोसळतो, असं कोणीही म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण ती आखलेली होती म्हणून तिच्यावर बोट ठेवून भांडता आलं. २०२१ मध्ये निकष सुधारले, आता तास त्या आकड्यापर्यंत भरले नाहीत तरी शिफ्ट किती अनियमित होत्या, एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत झोपायला किती वेळ मिळाला, हेही धरायचं असं ठरलं.